बर्फ राखत बसलेले मामा

मागच्या मंगळवारी केंदूरला गेले होते. चार दिवस झाले, पण जीव अजून थाऱ्यावर नाही... म्हणून लिहून टाकते.

माझं काम ड्राय आइस ब्लास्टिंगचं. तांदळाएवढे कोरड्या बर्फाचे दाणे हवेच्या जोरावर मशीनवर मारायचे, की ग्रीस, डांबर, काजळी सगळं सुटून पडतं. पाणी नाही, चिखल नाही. कुरकुंभच्या कंपन्यांत आणि दौंडच्या एक-दोन बिल्डिंगवर केलंय, पण शिरूर तालुक्यातलं हे पहिलंच काम.

केंदूरच्या संतोषशेठकडे तीन पोकलेन. वायरिंगमध्ये पाणी जातं म्हणून धुता येत नाहीत, आणि ग्रीसवर माती बसून बसून ऑइल नक्की कुठून गळतंय तेच दिसत नव्हतं. "एक करून दाखवा मॅडम, जमलं तर तिन्ही तुमच्याच," असं ते फोनवर म्हणाले होते. मी आठवडाभर त्याच एका वाक्यावर उड्या मारत होते.

आता ह्या बर्फाची खोड अशी, की तो वितळत नाही, हवेत उडून जातो. पेटी भरल्यापासून कमी कमी होत जातो. आणि आम्ही सकाळी पोचलो तर शेठ म्हणाले, "आबा आल्याबिगर मशीनला हात न्हाई लावायचा. नारळ त्यांच्याच हातचा असतोय."

आबा म्हणजे त्यांचे वडील. ते पाबळला दहाव्याला गेलेले. "निघाल्यात, आलेच," हे मी चार वेळा ऐकलं!

मी मुळातच उतावळी. पाइप जोडला, काढला, परत जोडला. दर दहा मिनिटांनी व्हॅनकडे जायचं, पेटीचं झाकण उघडायचं, किती उरलाय बघायचं आणि मनात आबांच्या नावानं खडे फोडत परत यायचं...

व्हॅनमध्ये मामा बसले होते. माझे सख्खे मामा, गाडी तेच चालवतात. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी जत्रांमधून कुल्फी विकली, त्यामुळे बर्फाच्या बाबतीत कुणाचं ऐकत नाहीत. शेवटी वैतागले. "सुजे, सारखं झाकण उघडून वारं नको घालू. जा तिकडं, मी बघतो."

"बघाच मग! कमी झाला तर तुम्हालाच धरीन," असं तणतणत मी निघून गेले.

तासाभरानं आबा आले. सावकाश हातपाय धुतले, उदबत्ती लावली, नारळ फोडला. मला कॉम्प्रेसर चालू करून प्रेशर बघायचं होतं, पण आबा खोबऱ्याचे तुकडे करत बसले.

"डायवरला दिला का परसाद?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आबा, नंतर देऊ ना. तर म्हणाले, "त्याच्या तोंडात खोबरं पडल्याबिगर काय चालू करायचं न्हाई." आणि काठी टेकत स्वतःच निघाले. मी अक्षरशः दात-ओठ खाल्ले.

तेवढ्यात त्यांची हाक आली. "पोरी, आगं ह्यो माणूस उठंना!"

मी धावले. व्हॅनच्या सगळ्या काचा वर. पेट्यांवर पोती गुंडाळलेली, दाराच्या फटीत फडकी कोंबलेली. आणि मामा मान टाकून पडलेले, घामानं निथळलेले, भराभरा श्वास चाललेला...

बर्फ उडतो म्हणजे त्याचा गॅस होतो. बंद जागेत तो साठत जातो आणि माणसाला आधी गुंगी येते, मग तो गुदमरतो. एरवी गाडीला एसी नाही म्हणून आमच्या काचा उघड्याच असतात. त्या दिवशी मामांनी कुल्फीच्या हिशोबानं वारं अडवलं होतं.

शेठनी आणि मी मिळून त्यांना ओढून बाहेर काढलं, मोकळ्यावर आडवं केलं. ती पाच-सात मिनिटं मला कुणी परत देऊ नये. मग त्यांनी डोळे किलकिले केले. "बर्फ हाय ना गं?... जरा बी वारं न्हाई लागू दिलं."

मी तिथंच हमसून हमसून रडले.

शेठनी लगेच गाडी काढली, शिक्रापूरच्या दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत मामा उठून बसले, चहा मागितला. आता बरे आहेत. डेमो राहिलाच. शेठ म्हणतात परत या, बघू... आबांचे मात्र पाय धरले मी, आणि मनातल्या मनात माफीही मागितली.

पण झोप लागत नाही ती वेगळ्याच कारणानं. प्रत्येक साईटवर काम सुरू करायच्या आधी मी पंधरा मिनिटं सेफ्टीचं सांगते. पेटी बंद खोलीत ठेवू नका, जवळ बसू नका, खिडक्या उघड्या ठेवा. ज्यांना आयुष्यात पहिल्यांदा भेटते त्यांच्याकडून कागदावर सह्या घेते.

मामांना मात्र एकदाही सांगितलं नव्हतं. घरचंच तर माणूस, त्यांना काय सांगायचं... असं वाटलं होतं.