अण्णांच्या अक्षरांखाली माझं नाव

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. ज्या अक्षरवळणासाठी साताऱ्यात लोक मला ओळखतात, ते माझं नाही. ते कुपवाडच्या भास्करअण्णा पेंटरांचं आहे. मी ते कॉम्प्युटरवर चढवलं आणि त्याखाली स्वतःचं नाव घातलं.

दीड महिन्यापूर्वी दुकान उघडत होतो, तेव्हा मोबाईलवर एक फोटो आला. कुपवाडच्या चौकातला फ्लेक्स, मफलर गुंडाळलेले अण्णा आणि वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. अण्णा गेल्याचं मी त्यांच्याच अक्षरांत वाचलं... आणि फ्लेक्स करणाऱ्यानं ती माझी समजून वापरली होती.

पंचवीस वर्षांपूर्वी मी कुपवाडला एका कारखान्यात कामाला होतो. पाळी सुटली की अण्णांच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसायचो. अण्णा पाट्या रंगवायचे. ते कुणा एकाकडे शिकले नव्हते. लग्नाला गेले तरी जेवायच्या आधी गावातल्या पाट्या बघून यायचे. आवडलेलं अक्षर वहीत उतरवायचे आणि कडेला कुणाकडून घेतलं ते लिहायचे. ळ चं गोल पोट जतच्या पलीकडच्या कानडी पाट्यांवरून आलेलं, क चा ताठ कणा फौजी सासऱ्यांच्या काळ्या ट्रंकेवरून. भ कवठे महांकाळच्या एका विहाराच्या पाटीवरून. तिथं कडेला लिहिलं होतं, 'रंगवणारा सापडला नाही. पुन्हा जाणे.' आणि ते खरंच पुन्हा गेले होते, दोनदा. इतक्या ठिकाणांहून गोळा केलेलं, पण पाटी वाळली की सगळं एकाच माणसाच्या बोलण्यासारखं वाटायचं.

मी एकदा चिडवलं, "अण्णा, मग ह्यात तुमचं सोताचं काय?"

"ब्रश धुयाचं रॉकेल," ते म्हणाले. मग ब्रश झटकत, "उचलाय लाज न्हाई रं गड्या. कुनाचं ते सांगितलं म्हंजे झालं."

पुढं फ्लेक्स आले आणि अण्णांची कामं आटत गेली. मी नोकरी सोडली, कॉम्प्युटर शिकलो, साताऱ्यात फ्लेक्सचंच दुकान टाकलं. मग एक दिवस त्यांच्याकडे वही मागितली. "आठ दिवस द्या अण्णा, कॉम्प्युटरात घालतो, कायमची राहील." त्यांनी ती प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून दिली. पानं स्कॅन करताना कडेची नावंही स्क्रीनवर यायची, ती मी कापत गेलो. खरं सांगतो, आधी ती मध्ये येत होती म्हणून कापली. नंतर मात्र ती नसणंच मला सोयीचं झालं... वही परत केली. अक्षरं परत केली नाहीत.

माझ्या नावाचा फॉन्ट म्हणून ती अक्षरं साताऱ्यापासून सांगलीपर्यंत चालली. साताऱ्यात माझा सत्कार झाला. "हे वळण सुचलं कसं?" असं कुणीतरी विचारलं आणि मी माईकवर म्हणालो, "आपल्या मातीतून सुचलं." शेवटच्या रांगेत अण्णा बसले होते. एसटीनं आले होते. मला ते बोलून झाल्यावर दिसले.

कार्यक्रम संपल्यावर जवळ आले. म्हणाले, "ळ बेस झालाय. पोट जरा कमी कर, जेवून उठल्यागत दिसतंय." हसले. मी पुढच्या वाक्याची वाट बघत उभा राहिलो. "येतो, गाडी हाय," एवढंच म्हणाले.

शिवी घातली असती तर मी पाय धरले असते. त्यानंतर अकरा वर्षं त्यांच्याकडे गेलो नाही. सांगलीत कामं निघायची, पण कुपवाडकडे गाडी वळवायचं धाडस झालं नाही. अण्णा आता कारखान्यांच्या गेटबाहेर मोटारसायकलींचे नंबर रंगवतात, हे दुसऱ्यांकडून कळायचं. आता तर साताऱ्यात चालायचं म्हटलं तरी दर दहा पावलांवर तेच क, तेच ळ. मान खाली घालून चालतो. कुणाशी बोलावं तर बोलायचं काय?

दिवसकार्य होऊन पाहुणे पांगल्यावर शेवटी कुपवाडला अण्णांच्या घरी गेलो. वहिनींनी चहा ठेवला.

"आवं भाऊजी, लय दिसांनी."

"व्हय वहिनी... जमलं न्हाई."

"एक काम करा. ह्यांच्या फोटूखाली नाव घालायचंय, तेवढं तुमच्या अक्षरात करून द्या. रस्त्यानं बोर्ड दिसला की मला दाखवायचे, 'बघ, आपल्या सुभान्याचं अक्षर.' लय कौतिक तुमचं."

म्हणजे घरातही अण्णांनी सांगितलं नव्हतं. मी "करतो" म्हणालो, चहा अर्धा ठेवून उठलो.

ते नाव अजून केलेलं नाही. आधी वहिनींना खरं सांगायचं आहे. मग ती वही मागून घेऊन कडेची सगळी नावं अक्षरांसोबत घालायची आहेत, सगळ्यांत वर अण्णांचं. वहिनींना वाचता येत नाही. त्यामुळे हा लेख छापून आला तरी त्यांच्यासमोर बसून ते तोंडानं सांगणं माझ्याकडून अजून बाकीच आहे.