चौथ्या नंबरावरचा नवस

चेट गोर्स्कीला थांबणं म्हणून जमत नाही. पालिकेचा बर्फ काढायचा ट्रक त्याने जन्मभर चालवला, आणि बर्फ पडायच्या आधीच हा इंजिन गरम करून फाटकापाशी उभा असायचा. साहेब ओरडायचा, "गोर्स्की, अजून भुरभुरसुद्धा नाही!" चेट म्हणायचा, "येणारच आहे ना? मग?" जेनीला त्याने चुलतभावाच्या लग्नात पाहिलं आणि पोल्का नाचता नाचताच मागणी घातली. तिने विचार करायला आठवडा मागितला. हा पठ्ठ्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या बापाच्या दारात हजर. घर घेतलं तेही रस्त्यावरून बघून. आत स्वयंपाकघर आहे की नाही हे जेनीनेच विचारलं.

मी एडी. तीस हिवाळे मी त्याच्या मागचा ट्रक चालवला. माझा स्वभाव नेमका उलटा, म्हणूनच बहुतेक आमचं जमलं. जमलं म्हणजे काय, भांडण कधी संपलंच नाही.

भांडण एकाच गोष्टीवरून. आमची फुटबॉल टीम, म्हणजे हेल्मेट घालून चेंडू हातात घेऊन पळतात त्या फुटबॉलची, हरते. लेक एरीच्या काठावर जन्माला आलात की हे पत्करावंच लागतं. हरण्याचा फायदा एकच. एप्रिलमध्ये ड्राफ्ट असतो, म्हणजे कॉलेजची नवी पोरं वाटून घ्यायची, तेव्हा जो जास्त हरला त्याला आधी निवडायला मिळतं. आता हा वरचा नंबर एखाद्या टीमला दुसऱ्याला देऊन टाकता येतो. आपण खालचा नंबर घ्यायचा, आणि वर पुढच्या वर्षीचे दोन-तीन नंबर पदरात पाडून घ्यायचे. याला आम्ही खाली सरकणं म्हणतो. माझं म्हणणं, सरकावं. एका पोराला दोनच गुडघे असतात, एक फुटला की बसा बोंबलत. चेटचं म्हणणं, सरकतो तो भित्रा. "आज ताटात आहे ते खायचं सोडून उद्याच्या पंगतीचं आमंत्रण घेणारा माणूस तू," असं तो मला चारचौघांत सुनवायचा.

सेंट कॅसिमिर चर्चच्या तळघरात आमचा हॉल आहे. बर्निस तिथला काउंटर सांभाळते. त्या काउंटरवर एक जुनं चामड्याचं हेल्मेट ठेवलेलं असतं, पोलाद कारखान्याची स्वतःची टीम होती तेव्हाचं. ड्राफ्टच्या आधी त्याच्यावर हात ठेवून नवस बोलायचा, ही आमची रीत. टीमने अमक्याला घेतलं तर मी सिगरेट सोडीन, तमक्याला घेतलं तर सासूला घरी आणीन. हेल्मेटवर हात असताना खोटं बोलायचं नाही, आणि बोललेलं मोडायचं नाही. फादरसमोर कबुलीजबाब देताना चार गोष्टी गाळणारे लोक हेल्मेटपुढे गाळत नाहीत. फ्रँक बेडनार्झने एका नवसापायी आपलं घर प्रतिस्पर्धी टीमच्या रंगात रंगवलं. बायको महिनाभर बोलत नव्हती, पण रंगवलं.

या वर्षी लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या, एका शुक्रवारी, तळलेल्या माशांची ताटं पुढ्यात असताना, चेट उठला आणि त्याने हेल्मेटवर हात ठेवला.

त्याच्या हृदयाची झडप कामातून गेली होती. दोन पायऱ्या चढला की धाप लागायची. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं, छाती उघडून झडप बदलायची. नाही बदलली तर नाताळ दिसेल याची खात्री नाही. जेनी पाठीस लागली होती, मुली फोनवर रडत होत्या. हा ढिम्म. कारण त्याचा थोरला भाऊ टेड. टेड याच ऑपरेशनसाठी हसत हसत आत गेला होता आणि बाहेर आलाच नाही. चेट हे कोणाला बोलून दाखवायचा नाही. मला माहीत होतं, कारण त्या दिवशी दवाखान्याच्या बाकड्यावर मी त्याच्या शेजारी बसलो होतो.

तर चेट म्हणाला, "आपल्या टीमने टेलफेअरला घेतलं, तर मी ऑपरेशन करून घेईन. नाही घेतलं, तर कोणी माझ्या मागे लागायचं नाही. जेनी, तूसुद्धा नाही."

हॉलमध्ये टाळ्याच पडल्या. मार्कस टेलफेअर म्हणजे जॉर्जियाच्या कॉलेजचा क्वार्टरबॅक, चेंडू फेकून सगळा खेळ चालवणारा, हात म्हणजे नुसती तोफ. आपला नंबर चौथा, आपल्याला क्वार्टरबॅकची गरज, पहिल्या तिघांना त्याची गरज नाही. पेपरवाले, रेडिओवाले, सगळे सांगत होते की हे ठरल्यातच जमा आहे. जेनीने बोटांनी छातीवर क्रूसाची खूण केली. मलाही बरं वाटलं. गड्याला हो म्हणायचं होतं, पण ते स्वतःच्या तोंडाने नको होतं, असं मी समजलो.

ड्राफ्टचा दिवस गुरुवार. डॉक्टरला शुक्रवारी दुपारपर्यंत कळवायचं होतं, म्हणजे सोमवारी ऑपरेशन. आम्ही सगळे संध्याकाळीच हॉलमध्ये जमलो. बर्निसने पिएरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या करंज्या, उकडून कांद्यावर परतले होते, पण कोणी खात नव्हतं. जेनी चेटच्या शेजारी, मांडीवर पर्स घट्ट धरून. फ्रँक टीव्हीच्या अगदी खाली. पहिले तीन नंबर सुरळीत गेले. टेलफेअर शिल्लक!

"झालं!" फ्रँक ओरडला. "चेट, दाढी कर सोमवारी, नर्स येतील बघायला!"

चेट हसला. जेनीने त्याचा हात धरला. आणि तेवढ्यात टीव्हीवरचा माणूस म्हणाला, थांबा, सौदा झालाय.

आमची टीम खाली सरकली होती. चौथ्यावरून नवव्यावर. आमच्या चौथ्या नंबरावर आलेल्या टीमने लगेच चेंडू घेऊन पळणारा एक पोरगा उचलला.

मग जो कल्ला झाला! फ्रँकने टोपी जमिनीवर आपटली. "गाढवं! गाढवांचा बाजार आहे नुसता! पोरगा समोर वाढून ठेवला होता!"

मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, पण पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीतला नंबर मिळालाय. वर दुसऱ्या फेरीतला एक."

"पुढचं वर्ष चाटायचंय का?"

"नवव्यावरसुद्धा मिळेल की टेलफेअर. मधल्या चौघांना नकोच असेल तर?"

"हो, आणि माझ्या अंगणात उद्या तेल निघेल!"

चेटने जेनीच्या हातातून आपला हात सोडवला आणि माझ्याकडे वळला. "बोल ना, एडी. खूश ना? झालं तुझ्या मनासारखं."

जन्मभर ज्याची बाजू घेऊन मी या माणसाशी भांडलो ते आज झालं होतं, आणि मला ते नको होतं. मी म्हणालो, "चेट, पोरगा अजून शिल्लक आहे. चार नंबर तर मध्ये आहेत."

"तेच तर. चार."

पाचवा नंबर टेक्सासवाल्यांचा. प्रत्येक टीमला विचार करायला दहा मिनिटं मिळतात, आणि ती हलकट माणसं पुरेपूर वापरतात. बर्निस तेच ते ग्लास पुसत होती. टेक्सासवाल्यांनी बचावाचा एक धिप्पाड पोरगा घेतला. हॉलने श्वास सोडला. सहाव्याने चेंडू झेलणारा घेतला. पुन्हा श्वास.

सातवा म्हणजे खरी धास्ती. त्यांचा क्वार्टरबॅक चाळिशीला टेकलेला. फ्रँकसारखा माणूस, जो चर्चमध्ये फक्त सूप प्यायला येतो, तो डोळे मिटून पुटपुटत होता. मी चेटकडे बघायचं टाळत होतो, तरी नजर जायचीच. त्याच्या ओठांना निळसर झाक आली होती. जेनी म्हणाली, "चेट, पाणी पी." तो म्हणाला, "गप गं जरा."

सातव्याने पुढच्या फळीतला एक आडदांड गडी घेतला.

अहो, काय आरडाओरडा झाला! आमच्या टीमने कधी कप जिंकला तरी एवढा होणार नाही. लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. बर्निस काउंटरमागून बाहेर येऊन जेनीला बिलगली. आता फक्त आठवा राहिला होता, आणि त्यांच्याकडे तरणाबांड क्वार्टरबॅक होता, गेल्याच वर्षी घेतलेला. त्यांना टेलफेअर कशाला हवा? मी चेटच्या पाठीवर थाप मारली. "बघ लेका! पोरगाही मिळतोय आणि पुढच्या वर्षीचा नंबरही. याला म्हणतात खाली सरकणं!"

चेटच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा रंग आला. "तुझी दृष्ट लागू नये म्हणजे मिळवलं," तो म्हणाला.

माझी दृष्ट लागली म्हणा किंवा काहीही म्हणा. आठव्याने आपला नंबर विकला. खालून एक टीम टुणकन उडी मारून आठव्यावर आली, आणि उडी कोणासाठी मारली हे टीव्हीवाल्याने सांगायची गरज नव्हती. लीगचा माणूस हातात चिठ्ठी घेऊन मंचावर आला. "मार्कस टेलफेअर, क्वार्टरबॅक, जॉर्जिया."

फ्रँकने टोपी उचलली आणि हातातच धरून उभा राहिला.

"चला," चेट म्हणाला. टेबलाला धरून तो उठला. "संपला विषय. बोललो होतो मी. कोणी मागे लागायचं नाही."

मी आडवा आलो. "अरे, ही काय मस्करी आहे? त्या गाढवांनी सौदा केला म्हणून तू मरणार?"

"एडी, तूच म्हणतोस ना सौदा चांगला झाला म्हणून?"

"झालाच आहे! पुढच्या वर्षी पहिल्या फेरीत दोन नंबर आहेत आपल्याला. दोन! ते बघायला नको तुला?"

"पुढच्या वर्षीचं मला काय सांगतोस?" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की त्याला काउंटरला टेकावं लागलं. "पुढचं वर्ष तुमचं आहे! मला आजचा हवा होता! हेल्मेटवर हात ठेवून बोललोय मी. मोडू? फ्रँकने घर रंगवलं, आणि मी मोडू?"

फ्रँक हळूच म्हणाला, "चेट, रंग काय, परत देता येतो रे." पण चेटने ऐकलं नाही. आणि खरं सांगतो, त्या हॉलमधल्या एकाही माणसाच्या तोंडून 'मोड' हा शब्द निघेना. आम्ही सगळे असलेच. माणूस मरतोय हे दिसतंय, आणि आमची जीभ एका जुन्या चामड्याला घाबरतेय. मला माझीच चीड आली.

जेनी उठली. पर्स खुर्चीवर ठेवली आणि काउंटरपाशी गेली. तिला आम्ही या हॉलमध्ये कधी दोन वाक्यांपलीकडे बोलताना ऐकलं नव्हतं. तिने हेल्मेटवर हात ठेवला.

"आता नवस बोलून काय उपयोग, जेनी?" चेट म्हणाला. "निवड झाली."

"नवस नाही," ती म्हणाली. "यावर हात ठेवून खोटं बोलत नाहीत ना? मग ऐक. मला फुटबॉल आवडत नाही."

कोणीतरी फिस्सकन हसलं.

"काय?"

"आवडत नाही. कधीच आवडला नाही. नियमही मला नीट कळत नाहीत."

चेट तिच्याकडे वळला. "बेचाळीस वर्षं आपल्या शेजारीशेजारी सीट आहेत. एक मॅच तू चुकवली नाहीस. माझ्याहून मोठ्याने ओरडायचीस तू!"

"थंडी वाजायची. ओरडलं की जरा ऊब यायची." हेल्मेटवरचा हात तिने काढला नाही. "तू एकटा गेलास की काही खात नाहीस. रागाच्या भरात टोपी काढून फेकतोस, मग आठवडाभर खोकतोस. म्हणून यायचे. तुझा तो चौथा नंबर, नववा नंबर, मला काही घेणं नाही त्याच्याशी. त्या पोराशीही नाही. मला तू हवायस. तुला टेडची भीती वाटते, मला माहीत आहे. मलाही वाटते. पण तू ती भीती कोणा परक्या माणसाच्या हातात देऊन मोकळा झालास, आणि मला इथे बसवून त्याची वाट बघायला लावलीस. माझ्या नवऱ्याचं टीव्हीवर ठरतंय, आणि मी पर्स धरून बसलेय. लाज नाही वाटली तुला?"

मी चेटला आयुष्यभर ओळखतो. साहेबासमोर, पोलिसासमोर, बिशपसमोर तो कधी नमला नव्हता. तो हळूहळू खुर्चीवर बसला. मग दोन्ही हातांत तोंड लपवून रडायला लागला. "मला फार भीती वाटते गं," तो म्हणाला. "फार."

जेनी त्याच्याजवळ आली. त्याचं डोकं तिने पोटाशी धरलं आणि तशीच उभी राहिली.

मग चेटने डोळे पुसले. हेल्मेटकडे त्याने पाहिलंच नाही. "एडी, सोमवारी गाडी तू चालव," तो म्हणाला. "महामार्गावर ही फार हळू चालवते."

मी हो म्हणालो. फ्रँक म्हणाला, मीही येतो. बर्निसने पिएरोगी पुन्हा गरम करायला घेतले.

मधल्या वेळात टीव्हीवर आमचा नववा नंबर येऊन गेला होता. त्या तळघरात तीसएक माणसं होती, सगळी जन्मभर याच टीमसाठी घसा फोडणारी. आम्ही कोणाला घेतलं ते कोणालाच माहीत नव्हतं.