क तुकडीचा भागाकार

मोठ्या बाईंनी चपलेच्या टोकाने चिंचोके विस्कटले. मुलांनी जमिनीवर लावलेले वाटे एकमेकांत मिसळले.

"उचला हा बाजार," त्या म्हणाल्या. "आईचा धंदा घरी ठेवून यायचं. इथे शिक्षिका म्हणून येता ना?"

चौथीचा अख्खा वर्ग ऐकत होता. मी वाकले. चिंचोके गोळा करायला लागले. त्या निघून गेल्या तरी मान वर करायची लाज वाटत होती. राग त्यांचा कमी, स्वतःचाच जास्त आला. तोंड शिवलं होतं का माझं?

आई वसईच्या बाजारात मासळी विकायची. शाळेत सगळ्यांना ते माहीत होतं. नव्वदच्या दशकाची अखेर होती. स्टेशनच्या बाजूला इमारती उठत होत्या आणि फ्लॅटवाल्यांची मुलं आमच्या शाळेत यायला लागली होती. ती अ तुकडीत. कोळीवाड्यातली, मिठागरावरची, वीटभट्टीवरची क तुकडीत. हुशारीप्रमाणे तुकड्या पाडल्यात, असं सांगायचे. पहिलीत आलेल्या पोराची हुशारी पहिल्याच दिवशी कशी मोजली, हे कोणी विचारत नव्हतं. मी नवी, नोकरी कायम झालेली नाही, त्यात कोळ्याची. मला क.

प्रशिक्षणात आम्हाला टाळ्या वाजवत गाणी म्हणायला लावली होती. प्रत्येक मूल आपल्या पद्धतीने शिकतं, असं तिथल्या साहेबांनी छान समजावलं. शाळेच्या भिंतीवर 'आनंददायी शिक्षण' रंगवूनही झालं. आत मात्र पाढे घोका, चुकलं की हात पुढे करा.

माझ्या वर्गातली सुनंदा तिच्या आईबरोबर मासळी विकून मग शाळेत यायची. फळ्यावर भागाकार दिसला की गप्प. म्हणून मी चिंचोके आणले. म्हटलं, चार गिऱ्हाइकांना सारखे वाटे लाव. ती मांडी घालून बसली, वाटे लावले, उरले ते बाजूला ठेवले. मग उठून तोच भागाकार फळ्यावर लिहिला. बडबड्या दिनेशला चिंचोके लागतच नव्हते. शेजारच्याला समजावता समजावता त्याचं त्यालाच कळायचं. गोंगाट व्हायचा. शिकताना होतोच. तो ऐकूनच मोठ्या बाई आल्या होत्या.

पुढच्याच आठवड्यात तपासणी आली. मोठ्या बाईंनी बोलावलं.

"तपासणीच्या साहेबांना कृती दाखवायचीय. तुमचा तो वाट्यांचाच पाठ घ्या. रंगीत मणी देते. अ तुकडीची मुलं तुमच्या वर्गात बसवू. तुमची पाठवा मैदानात."

म्हणजे पाठ माझा चालत होता. माझी मुलं चालत नव्हती.

वर्गात सांगितलं तेव्हा सुनंदाने विचारलं, "बाई, आमी भायेर कनाला? आमाला येतं ना आता."



तपासणीच्या सकाळी अ तुकडी इस्त्रीचे गणवेश घालून दारात रांगेत उभी. माझी मुलं दप्तरं आवरत होती.

"बसा खाली," मी म्हटलं. "कोणी उठायचं नाही."

मोठ्या बाई जवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "नोकरी कायम व्हायचीय तुमची."

"माहितीय. पाठ याच मुलांचा होईल."

 मी दारात उभी राहिले आणि हलले नाही. अ तुकडी परत गेली.

साहेब आले, खुर्चीत बसले. सुनंदाने वाटे लावले. फळ्याशी अडखळली, पुन्हा खाली बसून मोजायला लागली. साहेबांना घाई. ते उठले, 'वर्गात शिस्त नाही' असा शेरा देऊन गेले. त्यानंतर तिने उत्तर लिहिलं. बरोबर लिहिलं. ते बघायला आमच्याशिवाय कोणी नव्हतं. 

दुपारी सगळ्या शिक्षकांसमोर मोठ्या बाई म्हणाल्या, "माफी मागा. नाहीतर जूनमध्ये येऊ नका."



"माफी मागणार नाही," मी म्हटलं. "काढायचं तर काढा. माझ्या वर्गातलं पोर पाहुण्यांसाठी बाहेर बसणार नाही."

काढलं. पुढे जिथे जिथे मुलाखतीला गेले, तिथे आधी हीच अट सांगितली. बऱ्याच ठिकाणी तिथूनच परत पाठवलं. पाठवू देत. अट बदलणार नाही.