वरची कडी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, नाटकातल्या मंडळींना तर नाहीच. तुम्हाला सांगते — आणि आधीच कबूल करते, ती संध्याकाळ आठवली की मला लाज नंतर वाटते, आनंद आधी होतो. आता याला काय करू?

आमचं नाटक खऱ्या बायकांच्या खऱ्या बोलण्यावर उभं आहे. घरी जायचं, चहा प्यायचा, बोलणं रेकॉर्ड करायचं आणि तेच शब्द नटीच्या तोंडी द्यायचे. नियम एकच, तोही मीच केलेला — प्रयोगाआधी जिचं तिला वाचून दाखवायचं, ती म्हणेल ते काढायचं. या नियमाबद्दल मी किती ठिकाणी भाषणं ठोकली असतील!

कांजूरमार्गच्या सुमनमावशी. (नावं बदलली आहेत, एवढं तरी शिकले.) त्यांच्या सासूला काही आठवेनासं झालं होतं. दार उघडं मिळालं की त्या चालू लागायच्या, म्हणून दाराला आतून वर कडी बसवलेली. एका दुपारी त्या गेल्याच. संध्याकाळी भांडुपला सापडल्या, धडधाकट. घरात शेवटचा आला होता मावशींचा मुलगा नितीन, तेव्हा कॉलेजात. हा कडी लावायला विसरला म्हणून सगळे त्याच्यावर तुटून पडले. पुढे त्याची थट्टाच झाली. केस पिकले तरी तो घरात शिरला की कुणीतरी म्हणणारच, "नितीन, कडी!"

कडी मावशींनी काढली होती. मुद्दाम. "जाऊ दे कुठे जायचंय तिथे, असं झालं गं मला. क्षणभरच." मग सासूचं सगळं त्यांनीच केलं, अगदी शेवटपर्यंत.

वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "एवढं नको हं घालू. नितीनला मीच सांगेन." मी त्यांच्यासमोर त्या ओळींवर काट मारली.

आणि पहिल्या प्रयोगाला त्याच ओळी ठेवल्या. का? कारण त्या नसल्या की नाटक पडत होतं. तालमीत मला ते दिसत होतं, दुसरं काही दिसतच नव्हतं. मंडळींना सांगितलं — मावशींची परवानगी आहे. गुडघे धरून त्या बोरीवलीपर्यंत कशाला येतायत?

त्या आल्या. इरकली नेसून, नितीनला घेऊन, दुसऱ्याच रांगेत बसल्या.

नटी म्हणाली, "कडी मी काढली." सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. विंगेत मला भीती वाटत होती? छे! नाटक जमलं होतं, आणि ते मला कळलं होतं. तेवढ्यात नितीन ताडकन उभा राहिला. "मी लावली होती! सांगत होतो ना मी, लावली होती!" रडत होता, हसत होता. अख्खं सभागृह उठलं. तशा टाळ्या मी पुन्हा ऐकल्या नाहीत.

मावशींना हात धरून रंगमंचावर आणलं. माईक घेऊन त्या म्हणाल्या, "मीच हिला म्हटलं, घाल. लेकाला तोंडावर सांगायचं धाडस होत नव्हतं." पुन्हा टाळ्या. मी वाकून नमस्कार केला — प्रेक्षकांना.

नंतर मेकअप रूममध्ये आम्ही दोघीच होतो. पदर सारखा करत त्या म्हणाल्या, "तुझ्यासाठी नाही बोलले मी. आईनं आपणहून सांगितलं, एवढं तरी त्याच्याकडे राहू दे."

मावशी आता नाहीत. नाटक जोरात चालू आहे, परवाचा मुलुंडचा प्रयोगही हाउसफुल्ल होता. नितीन अजून मित्रांना घेऊन येतो. प्रयोग संपला की माझ्या शेजारी उभा राहून त्यांना अभिमानानं सांगतो — हे नाटकात घालायला माझ्या आईनं स्वतः सांगितलं. मग माझ्याकडे बघतो. मी दर वेळी हो म्हणते.