उंदीर पडला तेव्हा कोण पळालं

गेल्या मंगळवारी सकाळी शास्त्रीबुवांच्या माजघरात उंदीर पडला. भिंतीच्या कडेनं झिंगत झिंगत आला आणि त्यांच्या आणि माझ्या मधे, माझ्या पाटापासून वीतभर अंतरावर आडवा झाला...

प्लेग म्हणजे काय, हे कोल्हापुरात आता कुणाला सांगायला नको. उंदीर मेला की घर सोडायचं आणि गावाबाहेरच्या माळावर झोपडीत जाऊन राहायचं, असा महाराजांचा हुकूमच आहे.

मी मराठी शाळेत मास्तर. सध्या शाळा बंद आणि बायको मुरगूडला माहेरी. गेली दोन वर्षं रोज सकाळी शास्त्रीबुवांकडे वेदान्त शिकायला जातोय. त्यांची सत्तरी उलटलीय, मोतीबिंदूनं दोन्ही डोळे गेलेत, घरात एकटेच असतात.

पोथ्या सगळ्या तोंडपाठ, पण म्हणून दाखवायच्या नाहीत ही त्यांची रीत. रोज एकच विचारणार, "कालपासून काय काय येऊन गेलं, आणि ते कुणाला कळलं?" राग आला असेल तर राग, दाढ दुखली असेल तर दाढ... मी सांगायचं, मग त्यांचा पुढचा प्रश्न. पुस्तकातलं उत्तर दिलं की काठी आपटतात. "हे पाठ केलेलं. तुझं सांग."

त्या मंगळवारी मी जरा फुशारकीतच होतो. म्हटलं, "शास्त्रीबुवा, मरणाची भीती यायची ती आता येत नाही. मी देह नाही, हे पक्कं झालं." काठी आपटली नाही. नुसतं "बरं" म्हणाले. मला वाटलं, पटलं यांना.

आणि तेवढ्यात उंदीर.

पुढचं नीट आठवत नाही. आपण अनवाणी आहोत हे रंकाळ्याच्या काठावर आल्यावर कळलं... आणि शास्त्रीबुवा मागेच राहिले हे त्याच्याही नंतर. समोर उंदीर मरून पडलाय, एवढंसुद्धा मी त्या आंधळ्या माणसाला सांगितलं नव्हतं.

तसाच उलट्या पावली परत गेलो, असं लिहिता आलं असतं तर किती बरं झालं असतं. नाही गेलो. दोनदा उठलो, दोनदा बसलो. दुपार कलल्यावर गेलो, तर दाराला बाहेरून कडी आणि सगळी गल्ली ओस.

माळावर झोपडी झोपडी विचारत फिरलो. शेवटी दस्तगीर भेटला. शास्त्रीबुवांचा शेजारी, घोड्यांना नाल मारायचा त्याचा धंदा. त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कुठं गेलतासा मास्तर? आंधळ्या माणसाला टाकून पळतंय व्हय कोण?"

मी माझ्या अनवाणी पायांकडे बघितलं. मग तोच म्हणाला, "माझ्या झोपडीत हाईत. पाठीवर घालून आणलं म्या. चला."

सोवळ्यातल्या शास्त्र्याला मुसलमानानं पाठीवर घेतलं... एरवी पेठेला महिनाभर हा विषय पुरला असता. पण त्या दिवशी चर्चा करायला थांबलं होतं कोण?

शास्त्रीबुवा घोंगडीवर बसले होते. पुढ्यात दस्तगीरचा तांब्या, अर्धा प्यालेला. मी पाय धरले आणि रडलो. म्हटलं, "मला फार शरम वाटतेय."

"वाटलीच पाहिजे," ते म्हणाले. मला वाटलं होतं, काहीतरी समजूत घालतील... तसलं काही नाही. "बस. शरम कुणाला वाटतेय?"

"मला."

"तो मी कुठाय ते बघ आणि सांग. घाई नाही."

बघितलं. कान तापलेले, छाती जड, घशात आवंढा. रंकाळ्याकडे धावत सुटलेला तो माणूसही दिसला. हे सगळं कळत होतं, पण ज्यावर बोट ठेवून 'हा मी' म्हणावं असं काही हाती लागेना. तसं सांगितलं.

"पळाला तो दिसला?"

"आत्ता दिसला. पळताना नाही दिसला. तेव्हा नुसता पळत होतो."

त्यांनी तांब्या चाचपून एक घोट घेतला. मग म्हणाले, "सकाळचं तुझं पाठ केलेलं होतं. हे आत्ताचं खरं आहे. आता माझे पाय सोड. भीती गेली म्हणून ज्यांना ज्यांना सांगत हिंडलास, त्यांना जाऊन हे सांग."

म्हणून हे लिहितोय. शाळेत, देवळाच्या कट्ट्यावर, पाणवठ्यावर... तुमच्यापैकी बऱ्याच जणांना मी ते ऐकवलंय. ते खरं नव्हतं. हे वाचून झालं की पुढच्याला द्या, म्हणजे मला घरोघर फिरायला नको.

आता कालची गोष्ट. दस्तगीरच्या झोपडीशेजारी मीही झोपडी घातलीय, शास्त्रीबुवा माझ्याकडे आलेत. सकाळी पाठ चालू असताना बाहेर कुणीतरी ओरडलं, "उंदीर! उंदीर!"

छाती तशीच धडधडली, भीती तेवढीच आली. पाय दाराकडे निघाले. पण या खेपेला ते निघालेले मला दिसले... आणि तेवढ्यात शास्त्रीबुवांचा हात धरता आला. मग आम्ही दोघेही पळालो.

बाहेर आल्यावर कळलं, उंदीर नव्हे, चिचुंद्री होती. लोक हसत होते. शास्त्रीबुवांनी माझा हात अजून घट्ट धरला होता, आणि त्यांचा हात माझ्याइतकाच थरथरत होता.