सहा सिलिंडर आणि तीन मानकरी

आमच्या बाबांना आयुष्यात कुणाला 'नाही' म्हणता आलं नाही. लोक याला स्वभाव म्हणायचे. मी याला रोग म्हणते, आणि तो शेवटी त्यांच्या गाडीलाही लागला.

गाडी विलायती, दोन माणसांपुरती, टप उघडणारी. कोराडीच्या वीजकेंद्रावर आलेला एक परदेशी इंजिनीयर मायदेशी जाताना ती बाबांच्या गळ्यात मारून गेला. तिला कार्बोरेटर नव्हताच. पेट्रोलमध्ये हवा मिसळून इंजिनाला पाजायचं ते साधं काम तिच्यात एक नाजूक पंप आणि सहा बारीक पिचकाऱ्या मिळून करायच्या. विलायतेच्या थंडीत करत असतील बिचाऱ्या. नागपूरच्या मे महिन्यात पंपानं मान टाकली. त्याच्यावर ओलं पोतं गुंडाळून झालं, कूलरसमोर गाडी उभी करून झाली. शेवटी ठरलं, की हे विलायती लाड बंद करायचे आणि कार्बोरेटर बसवायचे.

घाई होती. बर्डीवरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाबांना काचबिंदू सांगितला होता. दिवाळीपर्यंत चालवा, पुढचं मी सांगू शकत नाही, म्हणाले. आणि बाबांना एकदाच, टप उघडून, स्वतःच्या हातानं गाडी उमरेडला न्यायची होती. ज्या गल्लीतून लहानपणी डोक्यावर लुगड्यांचं गाठोडं घेऊन बाजाराला जायचे, त्या गल्लीतून. बास, एवढंच. मला ते इतकं पटलं होतं, की मी स्वतः वाडीच्या मिस्त्रीकडे गेले. तो ट्रकवाल्यांचा मिस्त्री. सहा सिलिंडरला तीन कार्बोरेटर लागतील, दोघादोघांत एक, असा हिशेब त्यानं मांडला. मी म्हटलं, तिन्ही एकाच जातीचे बघा. तो म्हणाला, "दीदी, जो बोलोगे, लगा देंगे." गोष्ट इथं संपायला हवी होती.

पण रविवारी जावईबापू आले, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, अमरावतीचे. येताना थैलीतून एक कार्बोरेटर घेऊन आले, जीपचा. "मामंजी, याले तोड नाही," म्हणाले. आता जावयानं आणलेली वस्तू परत कशी करायची? आणि मुलीच्या घरचं फुकट तरी कसं घ्यायचं? बाबांनी त्यांना टॉवेल-टोपी आणि नारळ दिला. कार्बोरेटरच्या बदल्यात टॉवेल-टोपी देणारं हे जगातलं एकमेव घर असावं.

बातमी मामांना लागली. जावयाचा बसतो आणि सख्ख्या मेव्हण्याचा नाही? त्यांनी आपल्या भंगारात निघालेल्या मोटारीतला खोलून आणला. मग शेजारचे काका कशाला मागे राहतात! सरकारी लिलावातल्या कुठल्याशा साहेबाच्या गाडीतला त्यांनी आणला, पितळेचा, चकचकीत. तिन्ही कार्बोरेटरांची तोंडं तीन मापांची. बाबांनी तिन्ही ओट्यावर ओळीनं मांडले आणि खुशीत म्हणाले, "पाह्य बरं, तीनच लागत होते. कोणाचंच मन मोडलं नाही."

बाप्पा बाप्पा! हा माणूस कोष्ट्याच्या घरातला. मागावरच्या ताण्यात एक धागा वेगळ्या नंबरचा आला तर बोटानं ओळखणारा.

मी म्हटलं, "बाबा, तीन वेगवेगळे चालणार नाहीत. इंजिन एका चालीनं फिरणारच नाही." मी मुलींच्या कॉलेजात फिजिक्स शिकवत होते, पण लग्न न झालेल्या मुलीचं फिजिक्सही कच्चंच असतं.

"तू मधात नको बोलू वं," बाबा म्हणाले. "मोठे माणसं पाहून राहिले ना?"

ज्या माणसाला अख्ख्या गावाला नाही म्हणता येत नव्हतं, त्याला मला नाही म्हणायला कधी अडचण आली नाही.

मिस्त्रीनं बोलल्याप्रमाणे लावून दिले. गाडी सुरू झाली आणि म्हशीला गोमाशी चावल्यासारखी जागच्या जागी थरथरू लागली. मागून काळा धूर, पुढून फटाके. एकाचा स्क्रू पिळला की दुसरा रुसायचा. दर रविवारी तिन्ही मानकरी यायचे, आईच्या हातचे तर्रीपोहे हाणायचे आणि बॉनेटवर कान लावायचे. जावईबापू म्हणायचे, "माह्यावाला बरोबर हाय, गडबड मधल्यात हाय." मधला मामांचा; ते म्हणायचे, गडबड मधला सोडून बाकी दोन्हींत. काका नुसतेच हसायचे आणि पितळ पुसायचे. बाबा तिघांनाही हो म्हणायचे. गाडी चौकाच्या पुढे कधी गेली नाही. पावसाळा गेला, दसरा गेला. दिवाळीला बाबांनी ताटातली करंजी चाचपडून उचलली, तेव्हा मी उठून आत गेले आणि रडले. दुःखानं नाही, संतापानं.

संक्रांतीनंतर मी तिन्ही काढून टाकायला लावले आणि मिस्त्रीकडून एकाच जातीचे तीन बसवून घेतले. कुणाला विचारलं नाही. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं, अगदी एका सुरात. मी टप उघडला, बाबांना शेजारी बसवलं आणि उमरेड रोडला लागले.

बाबांनी कान इंजिनाकडे लावला होता. मग म्हणाले, "केवढी सरळ चालून राहिली वं. काय केलं?"

"तीन सारखे लावले."

"म्हणजे त्याइचे काढले?"

"काढले."

आम्ही त्यांच्या गल्लीत शिरलो. ओट्यांवरची माणसं उठून उभी राहिली, पोरं मागे धावू लागली. मी सांगितलं, आली तुमची गल्ली. बाबांनी मान भलत्याच बाजूला वळवली आणि माझ्या दंडाला हात लावला.

"घरी गेल्यावर कोणाले सांगू नको हं," ते म्हणाले. "वाईट वाटन त्याइले."