बारा व्होल्टची पिवळी वायर

जळगाव जामोदला एका फोटो स्टुडिओत मी लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करायचे. मालकांना सगळेच चाचा म्हणत, मीही म्हणायचे. बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षी लग्नं कमी झाली आणि दुसरं काम वाढलं. पासपोर्ट फोटोवरून हार घालायला मोठा फोटो करायचा, मागे निळं आभाळ टाकायचं. त्यातली बरीच माणसं माझ्याच वयाची असत. चाचा त्याबद्दल बोलत नसत; फ्रेम कागदात बांधताना त्यांचे हात तेवढे सावकाश चालत.

त्या हिवाळ्यात त्यांनी अकोल्याहून एक जुनं ग्राफिक्स कार्ड आणलं. "तासाचं काम दहा मिनिटांत होईन, बेटा. बसव."

मी आधी कॉम्प्युटर उघडून पॉवर सप्लायचा डबा बाहेर काढला. हातात घेतला तर आत काही नसल्यासारखा हलका. लेबलवर ठळक पाचशे वॉट. खाली बारीक अक्षरांत खरा हिशेब होता: कार्ड आणि प्रोसेसर ज्या बारा व्होल्टच्या लाइनवर चालतात, तिथे सोळाच अँपिअर. म्हणजे दोनशे वॉटसुद्धा नाहीत. कार्ड एकटंच दीडशे ओढणार, प्रोसेसर नव्वदच्या वर.

"चाचा, हा डबा पुरणार नाही."

"काऊन? पाचशे लिहेल हाय ना त्याच्यावर!"

बाकावर वरवट बकालहून आलेली एक बाई बसली होती. तिच्या लग्नाची शूटिंग आम्हीच केली होती. तिचा नवरा दोन महिन्यांपूर्वी कपाशीवर फवारणी करताना चक्कर येऊन पडला, तो दवाखान्यातून परत आलाच नाही. ती खाली बघतच म्हणाली, "बियान्याच्या थैलीवर बी लिहेल होतं, अळी येत नाही म्हणून. मंग कायले फवारा लागलं असतं?"

चाचांनी डबा हातात घेऊन लेबल पुन्हा पाहिलं. मग मला म्हणाले, "बरं, तू मोजून पाह्य."

डबा परत बसवला, कार्ड लावलं आणि मीटरची टोकं पिवळ्या वायरीवर धरली. बारा. एक व्हिडिओ रेंडरला टाकला. अकरा पॉइंट आठ. अकरा पॉइंट पाच. डब्यातून बारीक शिट्टीसारखा आवाज यायला लागला. अकरा पॉइंट दोन, आणि तापलेल्या वार्निशचा वास. मी कॉम्प्युटर बंद केला. कार्ड काढून ठेवलं.

"नवीन डबा येईपर्यंत हे लावायचं नाही, चाचा. जळला तर हार्ड डिस्कही घेऊन जाईल."

"हाव, हाव."

मग त्या बाईच्या लग्नाची शूटिंग काढली. तिनं विचारलं, "ताई, ह्यायचा आवाज हाय का त्याच्यात?"

दोन तासांच्या शूटिंगमध्ये बँड होता, मंगलाष्टकं होती, वऱ्हाडाचा गलका होता. नवरदेव जवळपास गप्पच. शेवटी जेवणाच्या पंगतीत एका ठिकाणी तो कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "लाइट बाजूले कर ना बे, डोळे दुखून राह्यले." तिनं ते तीनदा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा तिनं पदर तोंडावर धरला. ती सगळी फाइल मी बाहेरून जोडायच्या वेगळ्या डिस्कवर घेतली, तिला सीडी करून दिली. ती दुपारच्या बसनं गेली.

बाहेरच्या डिस्कमध्ये भरपूर जागा होती. कॉम्प्युटरमधली बाकीची लग्नंही तिच्यावर उतरवून घ्यावीत, असं मनात आलं होतं. पण चार वर्षांचं काम, कॉपीला दिवस गेला असता. उद्या करू म्हटलं आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मला पोचायला अकरा वाजले. चाचा स्टुडिओच्या पायरीवर बसले होते. आतून जळका वास रस्त्यापर्यंत येत होता. एका लग्नघरची माणसं व्हिडिओसाठी अडून बसली होती, म्हणून त्यांनी स्वतःच कार्ड लावलं होतं. पाच मिनिटं चाललं, मग फटाका फुटावा तसा आवाज झाला.

कॉम्प्युटरमधली हार्ड डिस्क काढून मी दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहिली. ती फिरत नव्हती. आत कुठेतरी टिक, टिक, टिक होत राहिलं, मग तेही थांबलं.

चाचा म्हणाले, "तू सांगतलं होतं, बेटा. मीच आयकलं नाही."

मी मान हलवली. त्यांना वाटलं, मी त्यांना माफ केलं. काल मला काय सुचलं होतं आणि मी काय टाळलं, ते मी त्यांना सांगितलं नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही.

पुढच्याच आठवड्यात रोहिणखेडहून एक म्हातारे गृहस्थ आले. मुलाच्या लग्नाची शूटिंग हवी होती. घरी सीडी होती, ती खराब झाली, म्हणाले. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "मुलगा काय करतो, बाबा?"

त्यांनी खिशातून रुमालात गुंडाळलेला पासपोर्ट फोटो काढला आणि टेबलावर ठेवला.